हवेची भरती-ओहोटी

मंडळी, समुद्राची भरती-ओहोटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण डोक्यावरच्या हवेलाही रोज दोनदा भरती येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास हवेचा दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. उष्ण कटिबंधात हा फरक अवघा दोन-तीन मिलिबारांचा. पण वादळ नसेल तर घड्याळासारखा नेमका.

आपल्या मुलखाचा या इतिहासात वाटा आहे. मुंबई सरकारच्या नोकरीतला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करत हिंडला. त्या काळात त्याने बॅरोमीटरच्या नोंदी ठेवल्या. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापला. त्याच्या मथळ्यातच 'दख्खनमधील वातावरणाची भरती-ओहोटी' होती!

पण कोडे पुढेच आहे. ही भरती चंद्राची असती, तर समुद्रासारखी रोज पाऊण-एक तास उशिरा आली असती. ही तर सूर्याच्या वेळा पाळते. म्हणजे कारण उष्णता. पण सूर्य दिवसातून एकदाच तापवतो, मग भरती दोनदा का?

१८८२ साली लॉर्ड केल्विन यांनी उत्तर सुचवले. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी झोका वाढतो. वातावरणाची स्वतःची लय बारा तासांच्या जवळपास असावी, म्हणून बारा तासांची लाटच मोठी होते. ही कल्पना कित्येक दशके टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉकेटे वर गेली, उंचावरचे तापमान मोजले गेले आणि ती लय जुळेना.

उलगडा १९६० च्या दशकात झाला. पाण्याची वाफ आणि उंचावरचा ओझोन ऊन थेट शोषतात, त्यामुळे हवेचा फार जाड थर तापतो. दिवसा ऊन, रात्री काहीच नाही, अशा तुटक तापण्यात बारा तासांचीही एक लाट दडलेली असते. ती उभ्या दिशेने इतकी लांब असते की सगळ्या थरांचे धक्के एकत्र मिळतात. चोवीस तासांची लाट आखूड, तिचे धक्के एकमेकांना बरेचसे मारून टाकतात.

मला यातले एक फार भावते. केल्विनसारख्या थोरांचा सिद्धांत कोसळला, पण बॅरोमीटरसमोर कंदील धरून आकडे उतरवणाऱ्यांची एकही खरी नोंद वाया गेली नाही. त्यांतल्या बहुतेकांची नावेही कुणाला माहीत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल, तर एखाद्या शांत दिवशी दर तासाला आकडा लिहून ठेवा. आणि मला जरूर कळवा.