गृहसजावटीतील हिरवा रंग : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
घर सजविताना योजलेला रंग हा केवळ आवडीचा विषय नसतो. त्यामागे श्रद्धा, उपलब्ध साधने आणि इतिहास असतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या परभणी जिल्ह्यात हिंदू-मुस्लिम सहजीवनाची परंपरा दीर्घ आहे. म्हणूनच 'हिरवा रंग एकाच धर्माचा' हा समज येथे तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

सांस्कृतिक अर्थ :
हिंदू घरात दारावरील आंब्याच्या पानांचे तोरण, सुवासिनीचा हिरवा चुडा आणि डोहाळजेवणातील हिरवी साडी सुफलतेचे सूचन करतात. मुस्लिम घरात हाच रंग पावित्र्याशी व जन्नतच्या कल्पनेशी जोडलेला आहे. दर्ग्यावर हिरवी चादर अर्पण केली जाते. परभणी येथील सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसास दोन्ही समाजांचे भाविक येतात. अर्थ भिन्न असले तरी मांगल्याची भावना समान आहे.

रंगद्रव्यांचा इतिहास :
अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत हिरव्या मातीचा वापर झाला आहे. ही माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत आढळते आणि परभणी जिल्हाही याच खडकाच्या प्रदेशात येतो. पुढील काळात भारतीय चित्रकारांनी नीळ व हरताळ यांच्या मिश्रणातूनही हिरवा रंग सिद्ध केला. युरोपात कार्ल शीले याने १७७५ मध्ये तांबे व आर्सेनिक यांपासून तेजस्वी हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात भिंतीवरील कागदांत अशा रंगांचा प्रसार झाला व त्यांतील आर्सेनिकमुळे ते घातक ठरले. हरताळातही आर्सेनिकच असते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

परिणाम :
दिवसाच्या प्रकाशात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो. तथापि रंगाचे दर्शन आणि रंगद्रव्याचा देहावरील परिणाम या भिन्न गोष्टी आहेत. मराठवाड्यात जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांना हिरवा तैलरंग देण्याची पद्धत परिचित आहे. 'क्रोम हिरवा' हा रंग प्रशियन निळा व शिसेयुक्त क्रोम पिवळा यांच्या मिश्रणातून बनतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरविणारे नियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१७ मध्ये अंमलात आले. त्यापूर्वीचे रंग कोरडे खरवडल्यास उडणाऱ्या धुळीत शिसे असू शकते. ही धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक असते. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच काम करणे व मुलांना दूर ठेवणे इष्ट होय.

निष्कर्ष :
हिरव्या रंगाचे मांगल्य कोणा एका समाजाच्या मालकीचे नाही, ही बाब परभणीच्या लोकजीवनातून स्पष्ट होते. तसेच रंगाचा अर्थ परंपरा ठरविते, परंतु त्याची सुरक्षितता द्रव्यावर अवलंबून असते. घराच्या सजावटीचा विचार करताना या दोन्ही बाजू ध्यानात घेणे आवश्यक आहे.