कवितेकडून ऐतिहासिक कादंबरीकडे : माण, सातारा आणि सांगलीची परंपरा

मराठीत इतिहास प्रथम गायला गेला आणि कादंबरीत पुष्कळ नंतर आला. उत्तर पेशवाईतले शाहीर युद्धाचा पोवाडा रचत आणि शृंगाराची लावणीही. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या नावांशी वीररस आणि शृंगार दोन्ही जोडलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कादंबरी जन्माला आली, तेव्हा लढाई आणि प्रीती एकाच कथेत गुंफण्याची सवय वाचकाच्या कानाला आधीच होती. हा वारसा कवितेतून गद्यात उतरला त्या प्रवासात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा, विशेषतः माण नदीच्या दुष्काळी पट्ट्याचा आणि त्याच्या शेजारगावांचा वाटा मोठा आहे.

माण नदी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला हा मुलूख ओलांडून पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. पाऊस कमी, शेती बेभरवशाची; मात्र इतिहासाच्या खुणा पावलोपावली. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत. महिमानगड माण तालुक्यात, भूषणगड शेजारच्या खटावमध्ये. म्हसवडचे माने हे आदिलशाहीपासूनचे मातब्बर घराणे. सेनापती संताजी घोरपडे 1697 मध्ये याच शंभू महादेवाच्या डोंगररांगेत मारले गेले आणि त्या हत्येशी म्हसवडच्या नागोजी मान्यांचे नाव कायमचे जोडले गेले. त्याच सुमारास, 1695 ते 1699 या काळात, औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला पडली होती. तिथून निघून त्याने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. पुढे 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि हे शहर मराठी राज्याची राजधानी बनले. दक्षिणेला मिरज आणि सांगली ही पटवर्धनांची ठाणी उभी राहिली.

राज्य गेले तरी कागद वाड्यांतच राहिले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना पानिपतच्या काळातली पत्रे वाईत सापडली आणि त्यांतून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात राहून कागदपत्रे, चित्रे आणि हस्तलिखिते जमवली. त्यांचे ‘इतिहाससंग्रह’ मासिक 1908 मध्ये सुरू झाले. मिरजेत वासुदेव वामनशास्त्री खरे यांनी शाळेतली शिक्षकी सांभाळून पटवर्धनांचे दफ्तर उलगडले आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. हेच खरेशास्त्री कवी आणि नाटककारही होते. ‘यशवंतराव’ हे महाकाव्य त्यांचेच. मोडी पत्र वाचणारा आणि वृत्तात लिहिणारा माणूस एकच असणे हे त्या पिढीत नवलाचे नव्हते. घडलेल्या गोष्टीचा पुरावा हवा आणि ती रसाळही सांगितली जावी, या दोन्ही ओढी तिथे एका लेखणीत नांदत होत्या.

कादंबरीची वाट दरम्यान पुण्या-मुंबईत आखली गेली होती. ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ (1868) या अद्भुतरम्य प्रेमकथा. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (1871) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ आणि ‘वज्राघात’ लिहून या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. सांगलीजवळच्या समडोळीत जन्मलेले आणि पुढे कोरेगावात राहिलेले नारायण हरि आपटे यांनी ‘अजिंक्यतारा’ ही ऐतिहासिक कादंबरी लिहून लेखनाला सुरुवात केली आणि नंतर ते सामाजिक कादंबरीकडे वळले. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर 1937 मध्ये प्रभातचा ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला.

कवीचा कादंबरीकार होण्याचे या भागातले ठळक उदाहरण म्हणजे सांगलीचे गोपाळ गोविंद मुजुमदार (1883–1948). ‘साधुदास’ या नावाने ते लिहीत. ‘वनविहार’, ‘रणविहार’ आणि ‘गृहविहार’ या रामकथेवरच्या काव्यांनी त्यांची कीर्ती झाली. पुढे ते गद्याकडे वळले आणि ‘पौर्णिमा’, ‘प्रतिपदा’ अशा ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. तिथींची ही नावेसुद्धा कवीचीच वाटतात : पूर्ण चंद्र आणि लगेच सुरू होणारी कला-कलांची घट. महाकाव्याच्या कवीला दीर्घ कथा पेलण्याचा, पात्रांचा मोठा मेळा सांभाळण्याचा आणि प्रसंग रंगवण्याचा सराव असतोच. कादंबरीने त्याला वृत्ताच्या बंधनातून मोकळे केले.

त्याच काळात दुसरे काही कवी पद्य न सोडता कथेकडे सरकत होते. चाफळला जन्मलेले यशवंत आणि साताऱ्याचे गिरीश हे रविकिरण मंडळातले कवी. यशवंतांची ‘जयमंगला’ ही प्रेमकथा आणि गिरीशांची ‘अभागी कमल’, ‘आंबराई’ ही खंडकाव्ये म्हणजे पद्यातल्या छोट्या कादंबऱ्याच होत. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी शाहिरी बाज चित्रपटात नेला. 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा पेशवाईतल्या शाहिराच्या जीवनावरचा चित्रपट त्यांच्या लेखणीमुळे गाजला. ‘गीतरामायणा’च्या या कवीने ‘आकाशाची फळे’ ही कादंबरीही लिहिली. तिचा विषय मात्र वर्तमानातला आहे.

ऐतिहासिक कादंबरीला नवा बहर आला तो 1962 मध्ये रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मुळे. पाठोपाठ 1963 मध्ये ना. सं. इनामदारांची ‘झेप’ आली. नागनाथ संतराम इनामदार यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1923 रोजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावचा. त्यांनी नायक निवडले ते इतिहासाने बदनाम ठरवलेले : ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’ (1966) मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’ (1969) मध्ये दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’मध्ये औरंगजेब. निकाल लागून गेलेल्या माणसाची बाजू पुन्हा ऐकून घेणे हे त्यांच्या कादंबरीचे सूत्र होते.

त्रिंबकजींच्या चरित्रातला एक प्रसंग या परंपरेवर नेमका प्रकाश टाकतो. 1815 मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि त्याबद्दल इंग्रजांनी त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात कैद केले. पहाऱ्यावर गोरे शिपाई, मराठी न समजणारे. खिडकीखाली घोडा फिरवणारा एक मोतद्दार गाणे म्हणत असे, आणि त्या गाण्यातच सुटकेचा निरोप असे. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटले. बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात या गाण्याचा इंग्रजी पद्यानुवाद आहे. पहारेकऱ्यांच्या कानावर रोज पडणारे गाणे कैद्यासाठी राजकारणाचे पत्र होते. अशा घटनेसाठी कादंबरीकाराला अद्भुत रचावे लागत नाही.

शृंगार आणि इतिहास यांचा सर्वांत गाजलेला संगम म्हणजे इनामदारांची ‘राऊ’ (1972). विषय पहिला बाजीराव आणि छत्रसालाची कन्या मस्तानी. मस्तानीविषयी समकालीन कागद थोडे आहेत. बाजीराव मोहिमेवर असताना 1740 च्या आरंभी तिला पुण्यात नजरकैदेत ठेवल्याचे दिसते. 28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले आणि लवकरच मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. शनिवारवाड्याचा एक दरवाजा तिच्या नावाने ओळखला जातो. या तुटक खुणांमधली जागा कल्पनेने भरताना इनामदारांनी घरातल्या विरोधालाही माणूसपण दिले. काशीबाई, राधाबाई, चिमाजीअप्पा यांच्या मनातली तगमग तिथे उमटते. याच कादंबरीवर 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट निघाला. इनामदार 1997 मध्ये अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2002 मध्ये त्यांचे निधन झाले.

ऐतिहासिक कादंबरीवर पूर्वीपासून एक आक्षेप आहे : वाचक तिलाच इतिहास मानतो. आक्षेप खरा आहे, पण तो पोवाड्यालाही लागू होता. पोवाडा आश्रयदात्याचे गुण गाई. चांगल्या कादंबरीकाराने पराभूतांना, कलंकितांना आणि दफ्तरात जेमतेम सापडणाऱ्या स्त्रियांना आवाज दिला. खरेशास्त्र्यांचे लेखसंग्रह, साधुदासांच्या कादंबऱ्या आणि इनामदारांची ‘राऊ’ शेजारी ठेवून वाचल्या, तर कागद कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते हे वाचकाला स्वतः ओळखता येते. साधुदासांची पुस्तके आज फारशी वाचली जात नाहीत. सांगली-साताऱ्याच्या ग्रंथालयांनी ती जपावीत, नव्याने छापावीत आणि अभ्यासकांच्या हाती द्यावीत. या परंपरेचा मधला दुवा त्यांतच आहे.