औषधशास्त्राचे उच्च शिक्षण : जुना वारसा, नवी जबाबदारी



नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या मुलाने वा मुलीने औषधनिर्माणशास्त्राची वाट धरली, की घरच्यांच्या नजरेसमोर बहुधा एकच चित्र उभे राहते : बाजारपेठेत स्वतःचे मेडिकल स्टोअर. डी.फार्म. किंवा बी.फार्म. झाले, परवाना मिळाला, दुकान लागले, की शिक्षण पूर्ण झाले असे आपण समजतो. दुकान हा उपयोगी आणि इभ्रतीचा व्यवसाय आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु औषधविद्येचा इतिहास चाळला, तर या विद्येत विक्रीपेक्षा पारखीला नेहमीच वरचा मान मिळाला आहे, असे आपल्या ध्यानात येईल. एम.फार्म. ही पदवी म्हणजे त्या पारखीचे शिक्षण होय.

हा वारसा आपल्याला परका नाही. नवव्या शतकात बगदाद शहरात औषधांची स्वतंत्र दुकाने होती. बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब जसा वजनमापे तपासी, तसाच औषधांतील भेसळही तपासी. अकराव्या शतकात अल-बिरूनीने ‘किताब-उस-सैदना’ हा औषधांवरील ग्रंथ लिहिला. औषधाची पारख असणाऱ्याला अरबीत जो शब्द आहे, त्याचे मूळ त्याने आपल्या हिंदुस्थानातील ‘चंदन’ या शब्दात दाखविले आहे. चंदन विकणारा तो औषध जाणणारा, असा तो प्रवास. एकाच वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावे बिरूनीने या ग्रंथात जमविली. त्याचा व्यावहारिक उपयोग उघड आहे : नावाचा घोटाळा झाला की औषध बदलते, आणि औषध बदलले की रोगी दगावतो.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२० च्या दशकात हिंदुस्थानात कोणीही, कोणतेही औषध, कोणत्याही नावाने विकू शकत असे. मलेरियाने फणफणलेल्या माणसाला मिळणारे क्विनाईनदेखील खात्रीचे नसे. ही ओरड वाढल्यावर सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे आणि औषध जाणणारी शिकलेली माणसे हवीत, अशा दोन्ही गरजा त्यातून पुढे आल्या. कायदा व्हायला १९४० साल उजाडले. शिक्षणाचे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेत शिकून आलेले प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला. १९३७ मध्ये तेथे बी.फार्म. आणि १९४० मध्ये एम.फार्म.चा अभ्यासक्रम सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला आणि या शिक्षणाला देशभर एक शिस्त आली. भेसळीच्या तक्रारीतून कायदा निघाला, आणि त्याच गरजेने ही पदवी वाढली, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

याच काळात आपल्या समाजातील काही माणसांनी उच्च शिक्षणाच्या बळावर काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. अलीगढ येथे १८९८ मध्ये जन्मलेले ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘सिप्ला’ची स्थापना केली. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी केंब्रिजमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतली. एड्सवरील तीन औषधांच्या वर्षभराच्या उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना, २००१ मध्ये त्यांनी ती औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. आफ्रिकेतील गरीब रोग्यांसाठी उपचाराचा मार्ग खुला होण्यास त्याने मोठी मदत झाली.

दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने काम करणारे डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दिकी फ्रँकफुर्टमध्ये शिकून आले होते. सर्पगंधा ही आपल्याकडील वैद्य-हकिमांच्या रोजच्या वापरातली वनस्पती. तिच्यातून त्यांनी १९३१ मध्ये एक शुद्ध द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर ते उपयोगी पडले. वोखार्टचे हबील खोराकीवाला यांनी तर अहमदाबादला बी.फार्म. केल्यानंतर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून औषधशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी घेतली. बी.फार्म.वरच थांबायचे असते, तर त्यांना अडविणारे कोणी नव्हते.

ही झाली मोठ्या माणसांची नावे. परंतु ज्या साध्या, अनामिक पदवीधरावर रोज हजारोंचे प्राण अवलंबून असतात, त्याचे महत्त्व एका द्रव्याच्या कहाणीवरून कळते. डायइथिलीन ग्लायकॉल हे ते द्रव्य. दिसायला पातळ काचेसारखे, चवीला गोड, ग्लिसरीनसारखेच. पण पोटात गेले की मूत्रपिंड निकामी करणारे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका गोड औषधात ते मिसळले गेले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्यातून तेथे १९३८ चा कडक कायदा झाला. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. आणि २०२५ मध्ये, आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्या औषधाच्या नमुन्यात हेच द्रव्य ४८ टक्क्यांहून अधिक निघाले.

पालकहो, जवळजवळ नव्वद वर्षांत द्रव्य तेच, चूकही तीच. हे विष जिभेला कळत नाही, नाकाला कळत नाही. दुकानात सीलबंद बाटली हाती देणाऱ्याला तर ते कळणे शक्यच नाही. प्रयोगशाळेत योग्य यंत्रावर कच्चा माल तपासला आणि तपासणाऱ्याने ‘हा माल चालणार नाही’ असे ठामपणे लिहिले, तरच ते अडते. ते यंत्र चालविणे, त्याचा निष्कर्ष वाचणे आणि त्यावर स्वतःची सही करण्याची हिंमत बाळगणे, हे पदव्युत्तर शिक्षणात घडते. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम असून दुसऱ्या वर्षाचा बराच भाग विद्यार्थ्याने स्वतःच्या संशोधनासाठी द्यावयाचा असतो. औषध घडविणे, त्याचे पृथक्करण, त्याचा शरीरावरील परिणाम, वनौषधी, गुणवत्तेची हमी अशा अनेक शाखांतून त्याला निवड करता येते.

आपल्या वऱ्हाडाला हे शिक्षण आता दूरचे राहिलेले नाही. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपला भाग नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. आज अमरावती शहरातच एम.फार्म.ची सोय आहे. मुलीला परगावी ठेवण्याचा प्रश्न ज्या घरांत अडतो, त्यांनी याचा अवश्य विचार करावा. राष्ट्रीय पातळीवरील ‘जीपॅट’ परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत नियमित प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणून बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षापासूनच या परीक्षेची तयारी सुरू करावी. प्रवेश घेताना इमारतीची शोभा पाहू नका. प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत, आणि मार्गदर्शक शिक्षक रोज येतात की नाही, ते तेथील विद्यार्थ्यांना विचारा. केवळ नावापुढे अक्षरे लावण्यासाठी ही पदवी घ्यावयाची असेल, तर ती दोन वर्षे दुकानात घालविलेली बरी.

कापूस-सोयाबीनच्या भरवशावर चालणाऱ्या घराला आणखी दोन वर्षे कमाईविना काढणे किती जड जाते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच समाजातील ज्यांना अल्लाहने दिले आहे, त्यांनी प्रत्येक वर्षी एका तरी होतकरू मुला-मुलीच्या या दोन वर्षांचा भार उचलावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसलेला असेल, त्याच्या टेबलावर एक नमुना येईल, मालक घाई करीत असेल. त्या वेळी कुठल्या तरी गावातील एक तापलेले मूल तुमच्या सहीची वाट पाहत असेल, एवढे मनात ठेवा आणि तपासणी पूर्ण झाल्याशिवाय सही करू नका.