आपला जिल्हा सात वर्षं तारण होता, त्याची गोष्ट

हल्ली बातम्या लावल्या की रोज "सामरिक भागीदारी" ऐकू येते. अमुक देशाशी संरक्षण करार झाला, तमुक देशाने शेजाऱ्याला लष्करी तळ दिला. चॅनेलवर चार जण एकमेकांवर ओरडतात आणि आपण चहा संपवून उठतो. हे दिल्लीचं काम, आपल्याला काय त्याचं?

बाकी कुणी म्हणो, धाराशिवच्या माणसाने असं म्हणू नये. एका संरक्षण कराराचं बिल थकलं म्हणून आपला अख्खा मुलूख १८५३ ते १८६० अशी सात वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. लढाई झाली नाही, किल्ला पडला नाही. कागदावर सही झाली आणि नळदुर्गाचा मालक बदलला. नळदुर्गला जाऊन पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा बघून येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना हे माहीत नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गोष्ट सुरू होते आपल्याच शिवेवर, खर्ड्याला. आज खर्डा जामखेड तालुक्यात आहे, पण भूम-परंड्याला अगदी लागून. ११ मार्च १७९५ ला खर्डा आणि परंड्याच्या मधल्या मुलखात मराठे आणि निजाम समोरासमोर आले. चौथाईची थकबाकी हे भांडणाचं कारण. नाना फडणवीसांनी शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळ्यांच्या फौजा एकत्र आणल्या होत्या. निजाम अली खान हरला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला. मुलूख द्यावा लागला, तीन कोटी कबूल करावे लागले, वर दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याला ओलीस म्हणून द्यावा लागला.

आता यातली खरी मेख बघा. निजाम तेव्हा इंग्रजांचा दोस्तच होता. पाचच वर्षांपूर्वी, १७९० मध्ये, इंग्रज, निजाम आणि पेशवे असा तिघांचा टिपूविरुद्ध करार झाला होता. कंपनीच्या दोन पलटणी हैदराबादेत बसून होत्या आणि त्यांचा पगार निजाम भरत होता. खर्ड्याच्या वेळी गव्हर्नर जनरल सर जॉन शोर म्हणाले, मराठ्यांविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने लढणार नाही, आम्ही तटस्थ. पलटणी जागच्या हलल्या नाहीत.

निजाम चिडला. त्याने त्या पलटणी परत पाठवल्या आणि रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराची फौज वाढवली. पण त्याच वर्षी मुलगा अलीजाह बंड करून उठला आणि त्याच पलटणी परत बोलवाव्या लागल्या. घाबरलेल्या माणसाला व्यवहारात घासाघीस करता येत नाही, हे इंग्रजांनी तिथेच ओळखलं.

१ सप्टेंबर १७९८ ला तैनाती फौजेचा तह झाला. कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत कायम राहणार, निजाम वर्षाला २४,१७,१०० रुपये देणार आणि फ्रेंचांची फौज मोडायची. ऑक्टोबरात ती मोडली. १८०० मध्ये दुसरा तह झाला आणि फौज आणखी वाढली. पैशांची कटकट नको म्हणून म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला बळ्ळारी-कडप्प्याकडचा सगळा प्रांत निजामाने कंपनीला देऊन टाकला. शिवाय एक अट होती: कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही राज्याशी बोलणी करायची नाहीत. म्हणजे संरक्षण मिळालं आणि परराष्ट्र धोरण गेलं.

"निजाम होताच तसा" असं म्हणायची घाई करू नका. खर्ड्याला जिंकलेल्यांचं काय झालं? आठ महिन्यांच्या आत सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला आणि खर्ड्याची बरीचशी कमाई परत द्यावी लागली. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईत तसाच तह केला. तीच तैनाती फौज, खर्चासाठी तोच मुलूख तोडून देणं. खर्ड्याच्या मैदानावर एक जिंकला, एक हरला आणि आठ वर्षांच्या आत दोघांच्याही दारात एकाच कंपनीची फौज उभी होती. दोघांनीही ती आणली होती ती आपल्याच लोकांच्या भीतीने. निजामाला पेशव्याची भीती, पेशव्याला होळकरांची.

याच नानांनी १७८० च्या सुमारास निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसल्यांना बरोबर घेऊन इंग्रजांविरुद्ध चौघांची आघाडी उभी केली होती. ती टिकली असती तर पुढे काय झालं असतं, यावर भांडायला कमेंट बॉक्स मोकळा आहे. ती टिकली नाही हे खरं. शेजाऱ्याशी जमवून घेण्यापेक्षा लांबचा पहारेकरी ठेवणं सगळ्यांना सोपं वाटलं.

आता बिलाकडे येऊ. १८०० च्या तहात अट होती की तैनाती फौज मोठ्या कामालाच मिळेल, किरकोळ बंडाव्याला नाही. मग किरकोळ कामाला कोण? त्यासाठी रेसिडेंट हेन्री रसेलने निजामाच्या खर्चाने आणखी एक फौज उभी केली. आधी तिला रसेल ब्रिगेड म्हणत, पुढे हैदराबाद कंटिंजंट. निजामाच्या नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांची, रेसिडेंटच्या हुकमातली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, अशा गावांत तिच्या छावण्या. शांततेच्या काळात अशी फौज पोसायची, असं कुठल्याच तहात लिहिलेलं नव्हतं. पण पगार थांबवायची हिंमत दिवाण चंदूलालमध्ये नव्हती.

पैसे कुठून आणले? पामर अँड कंपनी नावाच्या पेढीकडून, शेकडा वीसच्या वर व्याजाने. ते कर्ज एवढं फुगलं की १८२३ मध्ये ते फेडायला निजामाला उत्तर सरकार प्रांताच्या पेशकशीवर कायमचं पाणी सोडावं लागलं. वर्षाला सात लाखांची आवक एक कोटी सोळा लाखांत मिटवली. तरी फौज होती तिथेच आणि तिचं मीटरही चालूच. मग थकबाकी कंपनीच्याच खात्यावर चढायला लागली.

१८५३ मध्ये डलहौसीने वसुली काढली. रेसिडेंट कर्नल लो निजाम नासिर-उद-दौलाकडे कागद घेऊन गेला. निजाम म्हणाला ते लोने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याचा मतितार्थ असा: राजाला दोन गोष्टींनी कमीपणा येतो, वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणं आणि इमानी फौज मोडणं. आणि तुम्ही मला याच दोन्हीतलं एक निवडायला सांगताय. २१ मे १८५३ ला तह झाला. कंटिंजंटमध्ये किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने कायम राहणार आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला पन्नास लाखांच्या वसुलीचे जिल्हे इंग्रजांकडे: वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिव. तुळजापूर, परंड्याच्या रयतेला कुणी विचारलं नाही. विचारण्याचा काळही नव्हता तो.

इथे डेप्युटी कमिशनर म्हणून आला मेडोज टेलर, "कन्फेशन्स ऑफ अ ठग" लिहिणारा. नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला, मोजणी केली, रस्ते काढले. पुढे १८६३ मध्ये त्याने "तारा" नावाची कादंबरी लिहिली, तिची नायिका आपल्या तुळजापूरची. माणूस म्हणून चांगला कारभारी होता, हे मान्य करायला हरकत नाही. पण इथल्या शेतकऱ्याचा सारा कुठे जात होता? कंटिंजंटच्या पगाराला. आणि १८५८ मध्ये हीच कंटिंजंट ह्यू रोजच्या हाताखाली झाशी आणि काल्पीच्या मोहिमेत होती. धाराशिवच्या ज्वारीवर पोसलेली फौज राणी लक्ष्मीबाईंवर चालून गेली, हा इतिहास कडू आहे, पण आहे.

५७ साली हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं. तुर्रेबाज खानाने रेसिडेन्सीवर केलेला हल्ला दिवाण सालारजंगाच्या मदतीने मोडून काढला गेला. त्याचं बक्षीस १८६० च्या तहात मिळालं. पन्नास लाखांचं कर्ज माफ, सुरपूरचं खालसा झालेलं संस्थान निजामाला आणि रायचूर व धाराशिव परत. बदल्यात वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिलं आणि त्याच्या जमाखर्चाचा हिशोब मागायचा हक्क निजामाने सोडून दिला. वऱ्हाडसाठी सालारजंग पुढे आयुष्यभर झगडला, मिळालं नाही. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकलं. मराठवाडा आणि वऱ्हाड एकाच राज्यात परत आले ते थेट १९५६ ला.

शेवटचा अंक पुन्हा नळदुर्गलाच. शेवटच्या निजामाला इंग्रजांनी "यार-ए-वफादार" म्हणजे इमानी दोस्त हा किताब दिला होता. १९४७ ला इंग्रज निघाले तेव्हा दीडशे वर्षांची दोस्ती त्यांनी इथेच ठेवली आणि बोटीत बसले. पहारेकरी गेला आणि शेजाऱ्याशी बोलायची सवय कधीच मोडलेली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज आली आणि पहिली मोठी झटापट झाली ती नळदुर्गजवळ. हवालदार बचित्तर सिंग तिथेच धारातीर्थी पडले आणि पहिल्या अशोकचक्राचे मानकरी ठरले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

मैत्री करू नये असं मी म्हणत नाही. आजच्या जगात एकट्याने कुणाचं भागत नाही आणि आपला देश काही १७९८ चा निजाम नाही. पण श्रीलंकेने २०१७ ला हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या कराराने दिलं, तेव्हा मला आधी वऱ्हाडचा पट्टा आठवला. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, पण कर्जाच्या वहीतून जमिनीकडे जाणारी वाट ओळखीची वाटते.

पुढच्या वेळी एखाद्या संरक्षण कराराची बातमी आली की चहा संपवून उठू नका. तीन गोष्टी विचारा. फौजेला हुकूम कोण देणार? बिल कोण लिहिणार? आणि नको झालं तर "पुरे" म्हणायचा हक्क कुणाकडे? निजामाला १८५३ मध्ये या तिन्हींचं उत्तर कळलं. तोवर लो कागद घेऊन दारात उभा होता.

पोस्ट लांबली. नळदुर्गला जाल तेव्हा पाणीमहालाच्या आधी दोन मिनिटं याचाही विचार करा.