श्रोतृमतदान यंत्रणा

सभा, प्रशिक्षणवर्ग किंवा समारंभात जमलेल्यांची मते जागच्या जागी गोळा करून पडद्यावर आकड्यांत दाखवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. प्रत्येकाच्या हाती छोटा रिमोट असतो. प्रश्न दिसला की हव्या पर्यायाचे बटण दाबायचे. संगणकाला जोडलेला रिसीव्हर रेडिओलहरींनी आलेली मते टिपतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मोबाईलवरून मत देण्याची पद्धत स्वस्त पडते, पण तिला नेटवर्क लागते.

घराघरांत ही यंत्रणा पोहोचली ती 3 जुलै 2000 रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’तील प्रेक्षकांच्या कौलामुळे. 2013 मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ आले. लोकसभेत बटण दाबून मतनोंदणी 1957 पासून आहे. तिथे मात्र कोणी कोणते मत दिले ते नावानिशी नोंदले जाते. श्रोतृमतदानात नाव झाकता येते, आणि तेच या यंत्रणेचे खरे बळ.

ठाणे जिल्ह्यातील भातसानगरच्या परिसरात या बळाला अर्थ आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना विशेष अधिकार दिले. वनहक्क नियमांत 2012 च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी महिला. पण हजेरी लागली म्हणजे मत मोकळे झाले असे नाही. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, त्याच्यासमोर विरोधात हात वर करणे कठीण. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे.

रिमोट वाटताना त्याचा क्रमांक माणसाच्या नावापुढे लिहिला, तर गुप्तता तिथेच संपते. वाचता न येणाऱ्यांसाठी पर्यायांना चित्रे द्यावीत, प्रश्न मोठ्याने वाचावा आणि आधी एक सरावाचा प्रश्न घ्यावा. शाळांना छापील कार्डे पुरतात: कार्डाच्या चार बाजूंपैकी कोणती वर धरली त्यावरून उत्तर ठरते आणि शिक्षकांच्या एका मोबाईलचा कॅमेरा साऱ्या वर्गाची उत्तरे वाचतो.

पडद्यावरचा आकडा ठरावाची जागा घेत नाही. ठराव इतिवृत्तातच नोंदवावा लागतो. शिवाय पर्याय लिहिणाराच निकालाला दिशा देऊ शकतो. म्हणून यंत्र सभेत आणण्यापूर्वी प्रश्न कोण लिहिणार, हे ग्रामसभेने स्वतः ठरवावे.