गुत्तेदाराच्या दोन वह्या

हिमायतनगर भागात छोटी बांधकामं घेणारी ओळखीची माणसं मला अधूनमधून विचारतात, "प्रत्येक कामाचा खर्च वेगळा दाखवणारं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं रे?" मी कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस्सी. केलंय, म्हणजे मला हे माहीत असणारच असं त्यांना वाटतं. पण पीएच.डी. मी बांधकामाच्या हिशेबांच्या इतिहासावर करतोय, त्यामुळे माझं उत्तर लांबतं आणि समोरचा चहा संपवून निघून जातो. म्हणून ते आज एकदाचं लिहून काढतो.

सुरुवात एका शब्दापासून. आमच्या मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. हैदराबाद संस्थानात राहिल्याची ही खूण; शेजारच्या तेलुगू आणि कन्नडमध्येही हा शब्द आहे. गुत्त्यानं काम म्हणजे अख्ख्या कामाचा आकडा ठरवून घेतलेलं काम, आणि रोजानं म्हणजे दिवसाच्या मजुरीवर. गुत्तेदाराचा सगळा धंदा या दोन शब्दांच्या मधल्या फटीत चालतो. वरून पैसा येतो तो झालेल्या कामाच्या मापावर. खाली जातो तो माणसांच्या दिवसांवर, जेसीबीच्या तासांवर, सिमेंटच्या पोत्यांवर. दोन्हींची एककं वेगळी, म्हणून वह्याही वेगळ्या.

पहिली वही पेढीची. रोजकीर्द आणि खतावणी. पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आहेत, सावकारांच्या घरी होत्या, आणि आजही आडत दुकानात त्याच पद्धतीनं लिहिलं जातं. ही वही एका प्रश्नाचं उत्तर फार नेमकं देते: कोणाला किती दिले, कोणाकडून किती यायचे. पैसा कुणाच्या हातात गेला हे ती सांगते. त्या पैशातून भिंत किती उभी राहिली याच्याशी तिचा संबंध नाही.

दुसरी वही सरकारी. डलहौसीच्या काळात, 1854 च्या सुमारास, सार्वजनिक बांधकामाचं वेगळं खातं उभं राहिलं. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, ज्याचं पुढे सीओईपी झालं. या खात्याच्या कारभारात जी वही रुजली तिला आपण मेजरमेंट बुक, म्हणजे एमबी म्हणतो. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, चुकलं तर खोडून सही करायची. रकाने साधे: नग, लांबी, रुंदी, खोली, परिमाण. बिल यावरूनच निघतं. आणि गंमत बघा, गुत्तेदारानं ते काम करताना किती खर्च केला याची एक ओळही एमबीत नसते. सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता एक हिशेब करू. समजा शाळेच्या खोलीचं 40 घनमीटर दगडी बांधकाम आहे आणि तुम्ही घनमीटरला 900 रुपये मजुरी धरली. म्हणजे एकूण 36,000. एका शनिवारी रोजकीर्द सांगते, मजुरी गेली 31,500. मन म्हणतं, अजून 4,500 शिल्लक आहेत, ठीक चाललंय. मग एमबी उघडा. काम झालंय फक्त 30 घनमीटर. तेवढ्याला 27,000 च लागायला हवे होते. म्हणजे 4,500 नी आपण खड्ड्यात आहोत, आणि याच वेगानं गेलो तर 40 घनमीटरला 42,000 लागतील. दोन्ही वह्या खऱ्या बोलत होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तोटा दिसतच नव्हता. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं 1967 मध्ये आपल्या ठेक्यांसाठी याच विचाराचे रीतसर नियम केले, आणि आज व्यवस्थापनाच्या वर्गात ते 'अर्न्ड व्हॅल्यू' या नावानं शिकवतात. कच्चा माल मात्र आपल्याकडे एमबीच्या रूपात शंभर वर्षं आधीपासून पडून होता.

मापाचा पैसा आणि दिवसाची मजुरी यांचा मेळ बिघडला की तो आधी मजुराला लागतो. याचं महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण बोरघाटातल्या रेल्वेचं आहे. 1856 मध्ये काम सुरू झालं, ठेकेदार होते फेव्हिएल नावाचे इंग्रज. मजूर मुकादमांमार्फत येत, म्हणजे पैसा वरून खाली येईपर्यंत मधे बरेच हात. जानेवारी 1859 मध्ये मजुरीवरून तिथे दंगा झाला आणि त्याच वर्षी फेव्हिएल यांनी ठेका सोडला. पुढचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आले आणि थोड्याच दिवसांत वारले. मग त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालवला, आणि 1863 मध्ये घाट खुला झाला. (या बाईंवर मराठीत कुणीतरी नीट लिहायला पाहिजे.)

दुसरं उदाहरण आपल्याच भागातलं आणि सुखाचं. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, अडीच फुटी रुळांची, आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. या वाटेवरच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचं काम घेतलं होतं दोन भागीदारांनी. एक सोलापूरच्या व्यापारी घरातले तरुण वालचंद हिराचंद, दुसरे लक्ष्मणराव फाटक, जे आधी रेल्वेत कारकून होते. वालचंदांचं ते बांधकामातलं पहिलं पाऊल. पुढे 1926 मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. आता माझं मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या: ही भागीदारी म्हणजे दोन वह्यांचीच भागीदारी होती. पेढीचं गणित एकाच्या घरातलं, आणि रेल्वेत कागद कसा चालतो, बिल कुठे अडतं हे दुसऱ्याला आतून माहीत. छोट्या कंपनीत आज ही दोन्ही डोकी एकाच माणसाच्या खांद्यावर असतात, तीही मोटारसायकलवर, दोन साइटच्या मधे.

हा पेच साध्या माणसाला परका नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आणि नंतर रोजगार हमीवर गेलेल्या आजीला विचारा. हजेरी सहा दिवसांची लागली तरी पैसे मोजमापाप्रमाणे मिळत. मस्टर आणि माप यांतला फरक तिला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलेला असतो.

आता सॉफ्टवेअर. ज्या गोष्टी बाजारात मिळतात त्यांची कुळं बघितली की निवड बरीच सोपी होते. टॅली 1986 मध्ये बंगळुरूला गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीतून आलं, मूळ गरज घरच्या व्यवसायाच्या हिशेबाची. ते खतावणीचं लेकरू आहे. त्यात कॉस्ट सेंटर उघडून प्रत्येक कामाचा खर्च वेगळा काढता येतो, पण प्रत्येक नोंद करताना काम निवडलं तरच. आणि साइटवर किती घनमीटर झालं हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागतं. एक्सेल हे 1979 च्या व्हिसिकॅल्कच्या कुळातलं, आडव्याउभ्या रकान्यांचं. म्हणून अंदाजपत्रक आणि माप त्यात छान बसतं, पण सहा महिन्यांनी 'फायनल', 'फायनल 2' आणि 'फायनल नवीन' यांतली खरी फाइल कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक छोटे गुत्तेदार दोन्ही वापरतात: टॅली सीएकडे, एक्सेल इंजिनिअरकडे. वह्या पुन्हा वेगळ्या घरात!

त्यामुळे नवीन काही विकायला आलेल्याला पहिला प्रश्न विचारा की खर्च आणि माप एकाच बाबीखाली, एकाच पडद्यावर दिसतं का. बाकी गोष्टी त्यानंतर. गवंड्यानं सकाळी एका साइटवर आणि दुपारी दुसऱ्या साइटवर काम केलं तर त्याचा अर्धा अर्धा रोज टाकता येतो का? एका कामाची उरलेली 20 पोती दुसरीकडे नेली तर खर्चही सोबत जातो का? मजुराची उचल मजुरीपासून वेगळी राहते का? बिलातून कापलेली सुरक्षा अनामत आणि टीडीएस 'येणे' म्हणून दिसतात, की नुकसान म्हणून? वाळूचा लीड वाढला तर तो कळतो का? टेंडर इतके टक्के बिलो भरलेलं असताना त्या दोन-तीन किलोमीटरमध्येच नफा मुरतो. आणि पैनगंगेच्या काठी रेंज नसताना मोबाइलवर नोंद होते का, तीही मराठीत? कारण ती नोंद मुकादम करणार आहे.

डेमो दाखवणारा त्याच्याच उदाहरणावर दाखवतो, त्यात सगळं जमतंच. तुम्ही आपलं एक संपलेलं काम घ्या, ज्यात शेवटी किती सुटले हे तुम्हाला माहीत आहे. त्याची एमबीची नक्कल, हजेरी आणि सिमेंटची बिलं त्याच्यासमोर ठेवा आणि निम्म्या तारखेपर्यंतच्याच नोंदी भरायला सांगा. त्या तारखेला पडद्यावर दिसणारा आकडा तुमच्या आठवणीतल्या शेवटाकडे बोट दाखवत असेल तर पुढचं बोला. किंमत तोपर्यंत विचारूच नका.