नदी, गवत, आभाळ आणि किंमत ४३ लाख डॉलर! 'आर्ट फोटोग्राफी' म्हणजे नेमकं काय?

वर करडं आभाळ, मध्ये नदीचा सरळ पट्टा, दोन्ही काठांना हिरवं गवत. माणूस नाही, होडी नाही, सूर्यास्तही नाही. जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्की यांनी १९९९ मध्ये केलेला 'ऱ्हाईन २' हा फोटो २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तब्बल ४३ लाख डॉलरला विकला गेला. त्या वेळच्या दराने वीस कोटी रुपयांहून जास्त!

हा फोटो पाहिल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच असते, "असला फोटो तर मी मोबाइलवर काढेन."

खरंच काढाल? कारण समोर जे होतं ते या फोटोत जसंच्या तसं नाहीच. पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत गुर्स्की यांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकली आहे. म्हणजे ही नदी खरी आहे, पण हे दृश्य जगात कुठेच नाही. आर्ट फोटोग्राफी समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मग फरक काय?

लग्नाचा फोटो आठवणीसाठी असतो, बातमीचा फोटो पुराव्यासाठी आणि जाहिरातीचा विक्रीसाठी. आर्ट फोटोग्राफर मात्र कॅमेरा हातात घेतो तो एखाद्या प्रश्नामागे जाण्यासाठी. त्यामुळे तो सहसा एका फोटोवर थांबत नाही. एकाच विषयावर वर्षानुवर्षं काम करतो आणि त्यातून मालिका उभी राहते.

दुसरा फरक बाजाराचा. फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, मग तो महाग कसा होतो? तर फोटोग्राफर आधीच जाहीर करतो की, या आकारातल्या अमुक इतक्याच प्रिंट निघतील. याला 'एडिशन' म्हणतात. प्रत्येक प्रिंटवर नंबर आणि सही असते. प्रती कमी, म्हणून किंमत जास्त.

पण शैली? ती प्रत्येकाची वेगळी. आपल्याच देशातल्या पाच फोटोग्राफरांची कामं पाहूया.

१. सुधारक ओलवे : जे दिसतं, पण आपण बघत नाही

मूळचे अकोल्याचे ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करत आले. त्यांची सर्वांत गाजलेली मालिका आहे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरची. कृष्णधवल फोटो, कचऱ्याच्या ढिगात आणि गटारात उतरलेली माणसं, त्यांची घरं, त्यांची कुटुंबं. इथे काही रचलेलं नाही. ओलवे यांनी या माणसांसोबत वेळ घालवला, नुसते येऊन क्लिक करून गेले नाहीत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी गटारात उतरून माणसं मरायची थांबलेली नाहीत. म्हणूनच हे फोटो जुने होत नाहीत.

२. पुष्पमाला एन. : कॅमेऱ्यासमोर स्वतःच

बेंगळुरूच्या पुष्पमाला मूळच्या शिल्पकार. १९९० च्या दशकात त्यांनी वेगळाच मार्ग धरला. फोटोतल्या नायिका त्या स्वतःच! 'फँटम लेडी ऑर किस्मत' (१९९६-९८) ही त्यांची मालिका मुंबईत घडते. त्यात त्या मुखवटा लावून 'हंटरवाली'वाल्या फिअरलेस नादियाची आठवण करून देतात.

पुढे क्लेअर आर्नी या फोटोग्राफरसोबत त्यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रतिमांवर मोठी मालिका केली (२०००-०४). त्यात राजा रविवर्म्यांची लक्ष्मीही आहे. रविवर्म्यांचा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. तिथून निघालेली देवीदेवतांची चित्रं घरोघरच्या देवघरात पोचली. पुष्पमाला स्वतः तशी लक्ष्मी होऊन उभ्या राहतात, तेव्हा आपल्याला प्रश्न पडतो की देवीचा चेहरा 'असाच' असतो हे आपल्याला कोणी शिकवलं?

३. दयानिता सिंग : भिंतीवरचा नाही, हातातला फोटो

१९६१ मध्ये जन्मलेल्या दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या विद्यार्थिनी. तबलानवाज झाकिर हुसेन यांच्यासोबत फिरून केलेलं पुस्तक हे त्यांचं पहिलं पुस्तक (१९८६). फोटो चौकटीत अडकवून भिंतीवर टांगायचा, हे त्यांना पटत नाही. 'म्युझियम भवन' (२०१७) मध्ये एका पेटीत पंख्यासारखी उलगडणारी छोटी छोटी पुस्तकं आहेत. पेटी घरी आणा, पुस्तकं टेबलावर उलगडून उभी करा, झालं तुमचं संग्रहालय!

'फाइल रूम' (२०१३) मध्ये तर फक्त कागद आहेत. सरकारी दप्तरखान्यातली गाठोडी, धूळ, रॅक आणि त्यामध्ये बसलेला एखादा कारकून. सातबाऱ्यासाठी हेलपाटे मारलेल्या कुणालाही ती खोली ओळखीची वाटेल. २०२२ मध्ये दयानिता यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. फोटोग्राफीतल्या जगातल्या सर्वांत मोठ्या पुरस्कारांपैकी हा एक.

४. गौरी गिल आणि राजेश वांगड : एक फोटो, दोन सह्या

हे काम आपल्या पालघर जिल्ह्यातलं. २०१३ पासून गौरी गिल डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावात वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत काम करत आहेत. गिल यांनी डोंगर, शेतं, झाडं यांचे कृष्णधवल फोटो काढले. वांगड त्या त्या जागेच्या गोष्टी सांगायचे. पण प्रिंट पाहिल्यावर लक्षात आलं की त्या गोष्टी फोटोत आल्याच नाहीत. कॅमेऱ्याला डोंगर दिसला, डोंगरावर काय घडून गेलं ते दिसलं नाही.

मग वांगड यांनी थेट फोटोवरच शाईने चित्रं काढली. देव, माणसं, जनावरं, पाऊस, तुटलेलं जंगल. ही मालिका 'फील्ड्स ऑफ साइट' या नावाने ओळखली जाते आणि ती दोघांची मानली जाते.

गिल यांचं दुसरं काम जव्हारच्या परिसरातलं. तिथल्या बोहाड्याचे कागदी लगद्याचे मुखवटे प्रसिद्ध आहेत. ते देवांचे आणि राक्षसांचे असतात. गिल यांनी सुभाष आणि भगवान कडू या बंधूंना आणि इतर कलाकारांना विचारलं की, आजच्या जगण्याचे मुखवटे कराल का? त्यातून प्राणी, पक्षी आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंचेही मुखवटे तयार झाले. गावकऱ्यांनी ते घालून आपापल्या रोजच्या जागी फोटो काढून घेतले. २०२३ चा 'प्री पिक्टे' पुरस्कार गिल यांना राजस्थानातल्या त्यांच्या दीर्घ मालिकेसाठी मिळाला.

५. सोहराब हुरा : घरातलं दुखणं

१९८१ मध्ये जन्मलेले हुरा १७ वर्षांचे असताना त्यांच्या आईला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आपल्याकडे असं आजारपण दाराआड ठेवलं जातं. हुरा यांनी आईचे, घराचे, तिच्या कुत्रीचे फोटो काढले आणि त्यातून दोन पुस्तकं झाली (२०१५ आणि २०१८). फोटो ओबडधोबड आहेत, कुठे हललेले, कुठे फ्लॅशने जळलेले. पण सगळं अगदी नीट आणि सुंदर दिसलं असतं तर ते खरं वाटलं असतं का?

सगळ्यांना जोडणारा प्रश्न

वरवर पाहता या पाच जणांमध्ये काहीच सारखं नाही. पण एक प्रश्न सगळ्यांसमोर आहे, तो म्हणजे फोटोवर हक्क कोणाचा? काढणाऱ्याचा की ज्याचा काढला त्याचा?

दयानिता सिंग यांचा एक किस्सा इथे सांगायलाच हवा. १९८९ मध्ये त्यांनी लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतल्या मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीचे फोटो काढले. फोटो लंडनमध्ये छापून येणार हे कळल्यावर मोना यांनी रोल परत मागितले. तिकडे नातेवाईक होते, ते बघतील ही भीती होती. दयानिता यांनी रोल देऊन टाकले. हातातलं काम गेलं, पण तिथून सुरू झालेली मैत्री २०१७ मध्ये मोना यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. २००१ मध्ये 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक आलं, तेव्हा त्यात मजकूरही मोना यांचाच होता.

उलट बाजूही आहे. गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो एसी गॅलरीत लागतो, तेव्हा त्या माणसाला काय मिळतं? या प्रश्नाचं सोपं उत्तर कुणाकडेच नाही. पण चांगला फोटोग्राफर तो टाळत नाही. कुणी वर्षानुवर्षं त्याच वस्तीत जात राहतो, कुणी समोरच्याचं नाव आपल्या नावाशेजारी लिहितो, कुणी स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभं राहतो.

असा फोटो बघायचा कसा?

मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिथे प्रवेश मोफत असतो. पुढच्या वेळी फोटोंचं प्रदर्शन लागलं की जा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा :

- हे दृश्य सापडलेलं आहे की रचलेलं?
- हा एकच फोटो आहे की मालिकेतला एक? आधीचा आणि नंतरचा कोणता?
- समोरच्या माणसाला आपला फोटो निघतोय हे माहीत होतं का?
- चौकटीबाहेर काय ठेवलंय?

'छान आहे' किंवा 'काही कळलं नाही' याच्या पलीकडे जायला एवढे प्रश्न पुरेसे आहेत.

आणि हो, यातला तिसरा प्रश्न फक्त गॅलरीसाठी नाही. लोकलमध्ये झोपलेल्या काकांचा, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलीचा फोटो स्टोरीला टाकायला आपल्याला दोन सेकंद लागतात. त्याआधी रोल परत देणाऱ्या दयानिता एकदा आठवून बघा.